कोबिना फाटक आणि संध्याकाळचं भांडं

आमच्या सेकोंडी बंदरगावात कोबिना एशुनला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण एफुआ, आणि तीही चिडली असेल तरच. बाकी साऱ्या गावाला तो ‘फाटक’. एक तर तो रेल्वेत फाटकवाला होता. बंदराकडे मालगाडी निघाली की लाल निशाण घेऊन उभा राहायचा आणि खोळंबलेल्या मासळीवाल्या बायकांच्या शिव्या खायचा. दुसरं म्हणजे रविवारी तो ‘सायलेंट थंडर’ क्लबाकडून उजवा बॅक खेळायचा, आणि तिथूनही कुणाला पलीकडे जाऊ द्यायचा नाही. बायका म्हणत, सहा दिवस आमची वाट अडवून या मेल्याचं पोट भरत नाही, म्हणून सातव्या दिवशीही तोच धंदा.

तेव्हा आमच्याकडे सगळे अनवाणी खेळत. घोट्याला पट्टी आवळायची, बोटं मोकळी ठेवायची की झालं. बूट साहेबलोकांचे. एकदा जहाजावरच्या एका गोऱ्या खलाशाच्या बुटाखाली कोबिनाच्या पायाचा अंगठा मोडला. त्याने पट्टी आणखी आवळली, सामना पुरा केला, आणि संध्याकाळी त्याच खलाशाला नेऊन ताडी पाजली. भांडण त्याला कधी जमलंच नाही. कुणी आपल्यावर नाराज आहे एवढं नुसतं कळलं तरी त्याची झोप उडायची, आणि पुढे जे सगळं बिघडलं त्याचं मूळ याच गुणात आहे. गुण म्हणायचा तर.

मोठी लढाई संपली आणि मागोमाग बूट आले. फुटबॉल मंडळाने नियमच केला की आता सगळ्यांनी बूट घालायचे. कोबिनाने घातले. म्हणाला, “हातमोजे घालून फुफूचा गोळा खाल्ल्यासारखं वाटतं.” पायाला जमीन कळेना, चेंडू कळेना. पोरंसोरं त्याच्या बाजूने वाऱ्यासारखी निघून जायला लागली. कशीबशी दोन वर्षं काढून त्याने बूट खुंटीला टांगले.

क्लबाचे अध्यक्ष एसुमन, लाकडाचे व्यापारी, त्याच्या फाटकावर स्वतः आले. म्हणाले, “पाय गेले, पण डोळे आहेत ना तुझे? थंडरचा मॅनेजर हो.”

मॅनेजर म्हणजे कुणी मोठा साहेब नव्हे. मध्यंतराला लिंबं कापून द्यायची, पोरांची भांडणं सोडवायची, सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एका घरात कोंडून त्यांच्या बायकांपासून लांब ठेवायचं, आणि क्लबाचा देवऋषी सांगेल ते निमूट करायचं. देवऋषीने सांगितलं, मैदानात दरवाजातून शिरू नका, शत्रूने तिथे काहीतरी पुरून ठेवलंय. मग अकराच्या अकरा जण मागची भिंत चढून, पाठमोरे आत उतरायचे. गाव हसायचं. “नाव फाटक, आणि आपल्या पोरांना फाटकातून नेत नाही.” कोबिनाही हसायचा, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः भिंत चढायचा.

एक काम मात्र अवघड होतं. आदल्या दिवशी सूर्य बुडताना पोरं अंगणात चटयांवर गोल बसायची. कोबिना जर्सी घेऊन यायचा आणि एकेकाच्या हातात द्यायचा. सगळ्यांत आधी गोलीची. नाव घ्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. ज्याचे हात रिकामे राहिले त्याने आपली चटई गुंडाळून घरी जायचं, काही न विचारता. थंडरची ही रीत त्याच्या आधीपासूनची. विचारण्याची सोय नाही आणि सांगण्याचीही नाही, ही रीत ज्याने पाडली त्याला खेळाडूंपेक्षा मॅनेजरची जास्त काळजी असावी.

आता त्याच्या घरचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्न झालं म्हणून कुणी आईचं घर सोडत नाही. बायको तिच्या आईच्या वाड्यात, नवरा त्याच्या. मुलं आईकडे. मग नवराबायको आहेत हे गावाने ओळखायचं कशावरून? तर संध्याकाळच्या भांड्यावरून. दिवेलागणीला बायको स्वयंपाक करते, झाकण लावते आणि कुणाच्या तरी हाती नवऱ्याच्या घरी पाठवते. भांडं रस्त्याने जाताना चार लोक बघतात. चार लोकांनी बघावं म्हणूनच ते तसं जातं.

कोबिनाची बायको अराबा बाजारात धुरी दिलेली मासळी विकायची. बोलायची कमी, पण तिचं भांडं बोलायचं. निळ्या काठाचं इनॅमलचं भांडं, वर तसंच झाकण. तिची धाकटी बहीण ते डोक्यावर घेऊन यायची. झाकण उघडलं की कोबिनाला तिकडचं हवामान कळायचं. रस्सा तिखटजाळ असला तर काहीतरी चुकलंय. खेकडा असला तर सगळं ठीक आहे. सकाळी धुतलेलं भांडं परत जायचं. संसार तो एवढाच, पण कोबिनाला तो पुरेसा होता. दिवसभर कुठेही असला तरी दिवेलागणीला तो आपल्या ओट्यावर हजर असायचा.

आणि दुसरं. आमच्याकडे माणसाचं घरदार मुलाला जात नाही, भाच्याला जातं. मुलगा आईच्या कुळाचा, म्हणजे कागदोपत्री पाहुणाच. बहिणीचा मुलगा तो आपला. कोबिनाच्या बहिणीचा मुलगा एको, त्याचा स्वतःचा मुलगा आटो, दोघं जवळपास एका वयाचे. आणि नशीब असं की दोघंही थंडरचे गोली.

दोघांत सरस कोण, हे आंधळ्यालाही कळलं असतं. एको उंच, देखणा, सरळ मनाचा. चेंडू समोरून आला तर हमखास धरायचा. बाजूने उंच आला की त्याचे पाय जागच्या जागी घुटमळायचे. आटो बुटका आणि तिरसट, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळून चारेक वर्षं झाली असतील, थंडर पहिल्यांदाच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला तो आटोच्या जोरावर. सामना सेकोंडीतच, कुमासीच्या ‘मार्व्हल्स’शी.

सामन्याच्या आठवड्यात गावाला तोंड फुटलं. फाटकाने आपलाच मुलगा पुढे केलाय. भाचा बाकावर आणि मुलगा गोलमध्ये, ही कुठली रीत? सगळं बायकोच्या घराण्याच्या घशात घालणार दिसतोय.

एफुआ भल्या सकाळी त्याच्या खोलीत आली. बसलीसुद्धा नाही. “कोबिना, आपल्या आईच्या घरात उद्या कोण राहणार?”

“एको राहणार. दुसरं कोण?”

“मग अख्खं गाव बघायला येणार त्या दिवशी तो चटई गुंडाळून घरी येणार का? आईच्या पोटची मी, माझ्या पोटचा तो. एवढं तुला कळत नसेल तर मी काय बोलू?”

“अक्का, हा फुटबॉल आहे.”

“मला नको शिकवू फुटबॉल. तुझे फुटके अंगठे मीच शेकलेत.”

मग अध्यक्ष एसुमन. ते घुमवून बोलायचे. “मला काय, कुणीही खेळो. पण लोक म्हणतात, थंडर हा आता बापलेकांचा क्लब झाला. तू भाच्याला घेतलंस तर कुणी अवाक्षर काढणार नाही. भाच्यासाठी केलं ते कर्तव्य. मुलासाठी केलं तो पक्षपात. तूच बघ.”

अराबा काहीच बोलली नाही. शुक्रवारच्या भांड्यात फक्त खेकडा होता.

शनिवारी सूर्य बुडताना पोरं गोल बसली. आटो नेहमीच्या जागी, हात गुडघ्यांवर, तळवे वर. कोबिना गोलीची हिरवी जर्सी घेऊन आला. त्याने मुलाचे तळवे बघितले. त्याला बहीण दिसत होती, एसुमन दिसत होते, साऱ्या गावाची तोंडं दिसत होती. सगळ्यांची नाराजी एकीकडे आणि एका मुलाची एकीकडे. मुलगा आपलाच, तो समजून घेईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. जवळच्या माणसाला दुखवणं स्वस्त पडतं असं भित्र्या माणसाला नेहमीच वाटतं. त्याने जर्सी एकोच्या हातात दिली.

एको दचकला. “मामा, ही आटोची...”

“घे,” कोबिना म्हणाला. रीत मोडून बोललेला तो एकच शब्द.

आटोने चटई गुंडाळली. रीतीप्रमाणे काही न विचारता गेला.

सामन्यात काय झालं ते सेकोंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. शेवटी शेवटी डावीकडून उंच चेंडू आला, एको दोन पावलं पुढे झाला, एक मागे आला, आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला. तेवढा एकच गोल. गाव एकोवर रागावलं नाही. लोक म्हणाले, मार्व्हल्सचा देवऋषी जबर निघाला. कोबिनाच्या निवडीला कुणी नाव ठेवलं नाही, एसुमननी तर पाठीवर हात ठेवला. जे मिळवायला त्याने हे केलं, ते त्याला पुरेपूर मिळालं.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसला. दिवे लागले. शेजाऱ्यांकडे भांडी आली, झाकणं उघडली, पामच्या रश्शाचा वास गल्लीभर पसरला. त्याच्याकडे कुणी आलं नाही. मेहुणी आजारी असेल, त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मेहुणी रस्त्यात भेटली, ठणठणीत होती, आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेली. तेव्हा त्याने ओट्यावर बसणं सोडलं.

सोमवारच्या गाडीने आटो कुमासीला निघून गेला होता. गाडी बापाच्याच फाटकावरून गेली. कोबिना निशाण धरून उभा होता. आटो खिडकीत होता, आणि त्याने बाहेर पाहिलं नाही. मार्व्हल्सनी त्याला हसत घेतलं. एकोच्या मनाला तो गोल असा लागला की त्याने ताकोराडी बंदराच्या धक्क्यावरून एक जहाज धरलं आणि समुद्रावर गेला. वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी बंदरातून चित्र असलेलं कार्ड यायचं. एफुआ म्हणाली, “माझ्या मुलाला तू वाघाच्या तोंडी दिलंस.” आणि तीही घर सोडून गेली. ज्या घरासाठी हे सगळं झालं, त्या घरात आता कोबिना एकटा राहत होता आणि वारस कुठल्या समुद्रावर आहे ते समुद्रालाच ठाऊक.

एकटेपणाची सगळ्यांत मोठी अडचण जेवणाची असते. विकतचं शिजलेलं खाणारा पुरुष म्हणजे ज्याच्यासाठी कुणी चूल पेटवत नाही असा पुरुष. आपल्या मोहल्ल्यात आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा उंडा आणि तळलेला मासा विकत घ्यायची त्याला लाज वाटे. म्हणून तो पार एसिकाडो वस्तीच्या टोकापर्यंत चालत जायचा. तिथल्या बाया काय त्याला ओळखत नव्हत्या?

“या, फाटकभाऊ. आज इकडे बरे?”

“इकडून चाललो होतो.”

“रोजच इकडून चालता हल्ली. रूळ इकडे टाकले वाटतं रेल्वेने.”

तो हसायचा, पानात गुंडाळलेली केंकी सदऱ्याखाली लपवायचा, आणि अंधार पडायच्या आत घरी येऊन दार लावून खायचा. असं वर्षामागून वर्ष गेलं. दुसरी बायको कर, असं लोक सुचवायचे. तो म्हणायचा, बघू. पण शेल्फावरची एक जागा त्याने रिकामी ठेवली होती. पूर्वी निळ्या काठाचं भांडं रात्री तिथे असायचं.

मॅनेजर तो राहिलाच. भिंत चढायचा, लिंबं कापायचा, जर्सी वाटायचा. पण जर्सी देताना आता त्याची नजर कुणाच्या चेहऱ्यावर जायची नाही, फक्त तळव्यांवर. पोरं म्हणायची, म्हाताऱ्याची मान आता वर होत नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. ज्या रविवारी थंडरला सामना नसे, त्या रविवारी फाटक गावात नसायचा. विचारलं तर म्हणायचा, तारक्वाला चुलतभावाकडे जातो. चुलतभाऊ होता, पण तो केव्हाच वारला होता. रेल्वेचा पास होता आणि कुमासीची गाडी होती. तिथे मार्व्हल्सच्या मैदानावर, गोलच्या मागे, बाजारातले उत्तरेकडचे हमाल उभे राहत. त्यांच्यात करडी टोपी डोळ्यांवर ओढून एक म्हातारा उभा राहायचा. ओरडायचा नाही, टाळ्या वाजवायचा नाही. अर्धा खेळ संपला, गोली दुसऱ्या बाजूला गेला, की हा म्हाताराही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायचा. हमालांना वाटायचं, थोडा सटकलेला आहे.

आटो नावारूपाला आला होता. कुमासीत पोरं त्याच्यासारखे केस कापायची. कोबिना त्याला पाठीमागून बघायचा, आणि बापाला पाठीवरून जे कळतं ते इतरांना तोंडावरूनही कळत नाही. एका सामन्यात आटोच्या डाव्या गुडघ्यावर कुणीतरी आदळलं. तो उठला, हसला, खेळत राहिला. पण त्यानंतरच्या खेपेला कोबिनाने पाहिलं की मुलगा डावीकडे खाली झुकताना क्षणभर थांबतो. गुडघा वाकत नव्हता. आटोने त्यावर तोड काढली होती. पेनल्टीला तो मुद्दाम थोडा स्वतःच्या डावीकडे सरकून उभा राहायचा, उजवी बाजू मोकळी दाखवायचा, आणि मारणारा लोभाने तिकडेच मारायचा. आटो तिथे आधीच उडी घेऊन पडलेला. कुमासी वेडी व्हायची. गोलमागे एक म्हातारा मात्र आपलाच डावा गुडघा चोळत उभा असायचा.

आणि मग तो रविवार आला. मार्व्हल्स सेकोंडीला खेळायला आले. इतकी वर्षं ते यायचे, पण आटो काही ना काही सबब सांगून मागे राहायचा. यंदा त्याला यावं लागलं. थंडरची दशा वाईट होती. हा सामना जिंकला नाही तर वरच्या साखळीतून खाली जायचं, आणि एसुमननी सांगून ठेवलं होतं की थंडर खाली गेला तर मॅनेजर बदलावा लागेल, लोक बोलतात.

एक-एक अशी बरोबरी, आणि शेवटच्या घटकेला पंचाने थंडरला पेनल्टी दिली. मार्व्हल्सचे सगळे पंचाभोवती जमून वाद घालू लागले. तेवढ्यात थंडरचा कप्तान बेन्टसिल पाणी प्यायच्या निमित्ताने कोबिनाजवळ आला.

“म्हातारबाबा, तुमचाच मुलगा आहे. कुठे मारू?”

कोबिनाने गोलकडे पाहिलं. आटो डावीकडे सरकून उभा होता. अख्खं गाव बघत होतं. सांगितलं तर मुलाला त्याच्याच गावात, त्याच्या आईच्या गावात, दुसऱ्यांदा बुडवायचं. नाही सांगितलं तर या दहा-अकरा पोरांना, ज्यांनी त्याच्या हातून जर्सी घेतली होती, पुन्हा तेच करायचं जे त्याने एकदा केलं होतं. ठाऊक असलेलं खरं गिळायचं आणि सोयीचं वागायचं. त्या दिवशी हिरवी जर्सी हातात असताना त्याला खरं काय ते माहीत होतं. त्यानंतरची सगळी वर्षं त्याने तेवढ्या एका गोष्टीचा विचार केला होता.

“मला माहीत नाही म्हणालो तर?” त्याने विचारलं.

“तर मी त्याच्या उजवीकडे मारीन. तिकडे मोकळं दिसतंय.”

कोबिना त्याच्याकडे झुकला. “त्याच्या डाव्या हाताला मार,” तो म्हणाला. “जमिनीलगत. जोर नको.”

बेन्टसिलने तसंच केलं. चेंडू हळू गेला, सगळ्यांना दिसेल इतका हळू. आटो डावीकडे वळला, गुडघ्याशी अडला, आणि चेंडू त्याच्या हातापासून वीतभर लांबून आत गेला. पडल्यापडल्या त्याने मान वर केली. बेन्टसिलकडे नाही, चेंडूकडेही नाही. तो लिंबाच्या टोपलीशेजारी उभ्या असलेल्या बापाकडे बघत राहिला.

लोकांनी कोबिनाला खांद्यावर घेतलं. एसुमन आपल्या अंगावरचं कापड सावरत सोबत धावत होते आणि सांगत होते की मी या माणसाला स्वतः फाटकावरून उचलून आणलाय. पुढच्या चौकात कोबिना म्हणाला, मला उतरवा, पोट बरं नाही. उतरला आणि बोळातून घरी आला. ओट्यावर बसायचं त्याने केव्हाच सोडलं होतं, पण त्या दिवशी तिथेच बसला. गाव ढोल वाजवत होतं. इतकं एकटं त्याला त्या पहिल्या संध्याकाळीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान उद्याची आशा होती.

दिवेलागणीला गल्लीत बायकांचं हसू ऐकू आलं.

“अगं बघ, मार्व्हल्सचा गोली. आणि हातात काय धरलंय बघ.”

“धर रे बाबा नीट. दुपारसारखं सोडू नको.”

“याला बायको नाही का? पुरुषाने कधी जेवण वाहिलंय?”

आटो लंगडत येत होता. दोन्ही हातांत निळ्या काठाचं भांडं, वर झाकण. एवढा नावाजलेला माणूस भर रस्त्याने जेवण घेऊन चाललेला कुणी बघितला नव्हता. तो ओट्यापाशी आला, भांडं खाली ठेवलं, आणि उभाच राहिला.

“गुडघ्याचं कुणालाच माहीत नाही,” तो म्हणाला. “आमच्या मॅनेजरलाही नाही. कळलं असतं तर त्याने मला केव्हाच घरी पाठवला असता. पापा, मी इथून गेलो तेव्हा माझा गुडघा धड होता.”

“हो.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

कोबिना खाली बघत म्हणाला, “रेल्वेचा पास आहे. फुकट आहे.”

आटो एक पाऊल जवळ आला.

“गोलच्या मागे,” कोबिना म्हणाला. “हमालांच्यात. तिथून नीट दिसतं.”

“करडी टोपी,” आटो हळूच म्हणाला. “एकदा चेंडू मागे गेला होता. एका म्हाताऱ्याने फेकला. मान खाली घालून.”

“तू म्हणालास, देव भलं करो, बाबा.”

आटो धपकन ओट्यावर बसला. दुखरा पाय त्याने लांब केला. ढोल आता दुसऱ्या गल्लीत गेले होते.

“ती जर्सी तुझी होती,” कोबिना म्हणाला. “मला तेव्हाही माहीत होतं. मी लोकांना भ्यालो.”

“मला वाटायचं तुम्ही मला कधी नीट पाहिलंच नाही. म्हणून दिली नसेल.” त्याने डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. “आज माझा गोल झाला, पापा. उद्या कुमासीत सगळे गुडघ्यावर बोलतील. माझा धंदा गेला असं समजा.”

“माहीत आहे.”

“तरी सांगितलंत.”

“विचारलं त्याने. या खेपेला खोटं बोलवेना.”

आटो पोटातून हसला, आणि हसताहसता त्याचा चेहरा वाकडा झाला. मग त्याने झाकण काढलं. फुफू होता, पामचा रस्सा होता, खेकडा नव्हता. आमच्याकडे बापलेक एकाच भांड्यातून खातात, तसे ते खाऊ लागले.

“आईने पाठवलं?” शेवटी कोबिनाने विचारलं. हा प्रश्न त्याने पहिल्या घासापासून तोंडात धरून ठेवला होता.

आटोने बोटं चाटली. खोटं त्यालाही बोलता आलं असतं. “नाही. तिने माझ्यासाठी वाढलं होतं. मी उचललं.”

“तिला न सांगता?”

“तिच्या डोळ्यांसमोर. झाकण शोधत होतो तर तिनेच पुढे सरकवलं.”

सकाळच्या गाडीने आटो गेला. फाटकावर कोबिना निशाण धरून उभा होता. या वेळी खिडकीतून हात बाहेर आला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो आत गेला नाही. मग मासळीवाल्या ओरडल्या, गाडी गेली हो फाटकभाऊ, आता तरी सोडा.

घरी शेल्फावरच्या त्या जागी भांडं होतं. त्याने ते राखेने घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. रीतीप्रमाणे भांडं सकाळीच परत जायला हवं होतं. पण नेणार कोण? मेहुणी येणार नव्हती. अख्खा दिवस त्याने फाटक उघडण्या-लावण्यात काढला. दिवेलागणीला धुतलेला सदरा घातला, भांडं काखेत धरलं, आणि ज्या दारात तो इतक्या वर्षांत गेला नव्हता त्या दारात जाऊन उभा राहिला.

अराबा चुलीपुढे मासळीला धूर देत होती. केस पांढरे झाले होते. कोबिनाला ते बाजारात लांबून दिसले होते, पण लांबून ते धुरासारखे वाटायचे. तिने वर पाहिलं. उठून भांडं घेतलं. आत बोट फिरवून बघितलं, उलटं करून बूड बघितलं.

“काठाला राख राहिली,” ती म्हणाली.

“हो का.”

“झाकण कुठाय?”

कोबिनाने आपल्या रिकाम्या काखेकडे पाहिलं. झाकण उन्हात ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. चाळीस वर्षं फाटक सांभाळणारा माणूस, कधी साखळी लावायला विसरला नव्हता.

“घरी राहिलं,” तो म्हणाला.

अराबा चुलीकडे वळली. एक मासा पालथा केला, मग दुसरा. तिची पाठ त्याच्याकडे होती.

“उद्या आण,” ती म्हणाली. “याच वेळेला.”

तो घरी आला. झाकण अंगणातल्या दगडावर होतं, अजून कोमट. त्याने ते उचललं, काठ पुन्हा राखेने घासला, पुसला, आणि मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. शेजाऱ्यांकडे भांडी येत होती. एसिकाडोला जायचं त्या दिवशी त्याच्या लक्षातच आलं नाही.